इकडचं पेट्रोल

आत्या, तुझी गाडी शनिवारी सुरू झाली. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तू असतीस तर तूही सगळ्यात आधी तेच विचारलं असतंस. बाबा कसे आहेत, आई नीट जेवते का, तेराव्याला कोण आलं नाही, हे सगळं नंतर.

तुझ्याबद्दल लोक बरंच बोलले. उधव्याच्या शाळेतल्या बाई आल्या होत्या, तुझे जुने विद्यार्थी आले होते. त्यातला एक आता स्वतः विज्ञान शिकवतो. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? माझ्याकडे तुझ्याबद्दल सांगण्यासारखं जे आहे, त्यातलं बरंचसं गाडीच्या मागच्या सीटखालचं आहे.

तुझं सामान आणायला विजूकाका उधव्याला गेला आणि येताना तुझी गाडी घेऊन निघाला. रानशेतच्या अलीकडे ती बंद पडली. त्याने पाहिलं तर पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून तो कॅन भरून पेट्रोल घेऊन आला, ओतलं, सेल्फ मारत राहिला, बॅटरी उतरली, पण गाडी काही सुरू झाली नाही. शेवटी एका टेम्पोला बांधून टोचन करून त्याने ती आपल्या मसोलीच्या अंगणात आणली. उतरल्या उतरल्या म्हणाला, "ताईची खोड. मरेपर्यंत रिझर्व्हवर." बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि तो पाय धुवायला मागे गेला.

त्याचं चुकलं नव्हतं. तुझी खोड आख्ख्या घराला माहीत होती. खरं तर ती एकट्या तुझी नव्हतीच. डहाणू-तलासरीत ज्याच्याकडे म्हणून गाडी आहे तो हेच करतो. सीमेपलीकडे गुजरातेत पेट्रोल स्वस्त, म्हणून इकडे भरायचंच नाही. टाकी सुकत आणायची, दिवा लागला तरी दम धरायचा, आणि पलीकडे गेलं की गळ्यापर्यंत भरायची. इकडच्या पंपावर कुणी ओळखीचा दिसला तर आपण विचारतो, "काय रे, इकडे कसा?" जणू तो अडचणीत आहे. तू तर उधव्याला राहणारी. सीमा तुझ्या शाळेच्या पलीकडेच. शनिवारी तू आमच्याकडे यायचीस, रविवारी संध्याकाळी परत जायचीस. येता-जाता काटा कितीही खाली असला तरी तुझं उत्तर ठरलेलं: "सोमवारी शाळा सुटली की पलीकडे जाऊन भरते."

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं ना? मी बारावीत होते. तुझी गाडी अशीच आमच्या अंगणात मेली होती. गॅरेजवाला म्हणाला, दोन दिवस लागतील. तू म्हणालीस, "मला सोमवारी तास आहे." तू त्याच्याकडूनच वापीहून नवा पंप मागवलास, मागची सीट उचलून अंगणात ठेवलीस आणि गाडीचं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलंस. "वाच. एवढी फी भरून इंग्रजी शाळेत घातलंय तुला, आज जरा वसूल होऊ दे."

मी वाचत होते आणि तू करत होतीस. आधी पंपाचा फ्यूज काढून दोन-तीनदा सेल्फ मारायचा, म्हणजे पाइपात दाब राहत नाही. मग बॅटरीची वायर काढायची. सीटखालचं पत्र्याचं झाकण, त्याच्या आजूबाजूची धूळ आधी पुसायची, नाहीतर ती टाकीत पडणार. मग वायरींचा प्लग, मग पाइपाची क्लिप, मग ती मोठी गोल रिंग. रिंग लाकडाच्या ठोकळ्याने हळूहळू ठोकत फिरवायची, लोखंडाने नाही, कारण ठिणगी. हे मी वाचून दाखवलं तेव्हा तू ठोकळा आधीच हातात घेतलेला होतास. आईने चार वेळा सांगितलं की देवघरातला दिवा विझवलाय, तरी तू पाचव्यांदा विचारलंस.

पंप बाहेर आला तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच लहान निघाला. तळहातावर मावेल एवढा. प्लॅस्टिकच्या एका पिंजऱ्यात बसवलेला, खाली पेट्रोल गाळायची जाळी, आणि बाजूला एक बारीक तार, तिच्या टोकाला तरंगणारा तुकडा. टाकीत पेट्रोल किती आहे ते काट्याला हाच तुकडा सांगतो. "ही तार वाकली तर काटा जन्मभर खोटं बोलेल," तू म्हणालीस आणि नवा पंप बसवून तो अख्खा पिंजरा माझ्या हातात दिलास. आडवा करून, तार आधी आत, मग बाकीचं. तार दोनदा टाकीच्या काठाला अडली. तू हात मागे बांधून उभी राहिलीस. घेतला नाहीस माझ्याकडून.

आणि पुस्तकात पुढे ते वाक्य होतं. हा पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो, तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं, म्हणून टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नये. मी ते मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तू म्हणालीस, "ऐकलं मी."

"मग?"

"मग काय? तलासरीला भरू? सगळा तालुका हसेल मला."

"आत्या, तू फिजिक्स शिकवतेस."

"म्हणून तर सांगते, पाव टाकीत आणि दिव्यात फारसा फरक नसतो."

फरक असतो. मी पुढची कितीतरी वर्षं तुला हे सांगत राहिले, बोलून कमी आणि मेसेज करून जास्त. तू इंग्रजी मेसेजला उत्तर द्यायची नाहीस, म्हणून मी मराठीत लिहायला लागले. आज हे लिहिता येतंय ते त्यामुळे. "किती आहे?" एवढंच मी लिहायचे. तू काट्याचा फोटो पाठवायचीस, मुद्दाम, दिवा लागलेला.

पण तुझंही माझ्याबद्दल एक गाऱ्हाणं होतं. मी मागत नाही, हे. कॉलेज संपल्यावर मला पुण्याला पुढे शिकायला जायचं होतं. बाबा म्हणाले, बँकेची परीक्षा दे, लांब कशाला. मी गप्प बसले. रात्री तुला लिहिलं, तू बाबांशी बोल ना, तुझं ऐकतात ते. तुझं उत्तर आलं, "मी बोलणार नाही. तू बोल. तू बोललीस की मी तुझ्या मागे उभी राहीन." मी बोलले नाही. तू उभी राहिली नाहीस. मी परीक्षा दिली, तलासरीच्या बँकेत लागले, आणि रोज शेअर जीपमध्ये दाटीवाटीने बसून जाते. नोकरी वाईट नाही. पण तुझ्यावरचा तो राग माझ्याकडे अजून आहे. तू गेलीस म्हणून तो गेला नाही. तूच एकटी होतीस जी माझ्यासाठी बोलू शकली असती, आणि तू ठरवून बोलली नाहीस. यावर आपण एकदाही समोरासमोर भांडलो नाही. तू मला बोर्डीच्या रस्त्यावर गाडी शिकवलीस, लायसन काढायला स्वतः घेऊन गेलीस, पण या विषयावर दोघीही खिडकीबाहेर बघायचो.

आता गाडीचं काय करायचं, ते घरात दोन मिनिटांत ठरलं. विजूकाका म्हणाला, उंबरगावला त्याच्या ओळखीचे एक शेठ आहेत, जुन्या गाड्या घेतात, रविवारी येऊन बघतील. बाबांनी मान हलवली. गाडी आल्यापासून बाबा पुढच्या दाराने बाहेर पडत नाहीत, स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात आणि तिथून बोळाने रस्त्यावर. रेल्वेच्या ड्यूटीला जातानाही. आईने एकदा विचारलं तर म्हणाले, "इकडून जवळ पडतं." जवळ पडत नाही.

मला ती गाडी हवी होती. जीपमधून सुटका व्हावी म्हणून हवी होती, आणि ती तुझी होती म्हणून हवी होती. यातलं कुठलं कारण मोठं ते मला ठरवता येत नाही. पण बाबांना ती डोळ्यांसमोर नको होती, हे मला दिसत होतं. त्यांच्याकडे ती मागायची म्हणजे त्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं. म्हणून मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला. ठरवलं, बोलायचं नाही, करायचं. गाडी सुरू करून अंगणात उभी केली की सगळ्यांना आपोआप कळेल.

बिघाड मला पहिल्याच दिवशी कळला होता. बॅटरी चार्ज करून आणल्यावर किल्ली नुसती अर्धी फिरवली, सेल्फ न मारता. मागच्या सीटखालून जो बारीक आवाज यायला हवा, तो आला नाही. फ्यूज ठीक होता. शनिवारी बँकेला सुट्टी होती, बाबा संध्याकाळपर्यंत ड्यूटीवर. मी हितेशभाईंच्या गॅरेजवर गेले आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत नेहमीसारखी बाजूला उभी राहिले.

"बोला बेन."

"टाकीतला पंप गेलाय. घरी यावं लागेल."

"पंप गेलाय हे कोन बोलला?"

"मीच."

ते हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. "मग माझं काय काम?"

"रिंग माझ्याने सुटणार नाही. आणि नवा पंप तुमच्याकडे मिळेल."

"कुठली गाडी? ती उधव्याच्या टीचरची काय?" त्यांनी हात पुसले. "त्या पन अशाच. सामान माझ्याकडनं घेणार, फिटिंग घरी करणार. असा कस्टमर धंद्याला काय कामाचा, सांगा." पण ते उठले आणि शर्ट बदलून आले. आपल्या घरात काय झालंय हे त्यांना माहीत होतं.

आम्ही सीट उचलली. रिंग त्यांनी सोडवली. आणि झाकण जरासं वर उचलताच ते थांबले.

"अरे. ही तर भरलेली हाय."

मी वाकून पाहिलं. पाऊण टाकी पेट्रोल होतं. काकाच्या एका कॅनने एवढं होत नाही.

"भरलेली टाकी कोन उघडतं?" ते माझ्यावर वैतागले. "आधी सांगायचं ना. कॅन आना, नळी लावून काढायला लागेल." मी कॅन आणायला गेले नाही. मी तिथेच त्या पेट्रोलकडे बघत बसले होते. शेवटी आईच कॅन घेऊन आली.

पेट्रोल काढून झाल्यावर त्यांनी मला वायरींचा प्लग दाखवला. एका बाजूने तपकिरी होऊन वितळला होता. पंप घासला की जास्त करंट ओढतो, प्लग तापतो, जळतो. पंपाची आणि काट्याची वायर त्याच प्लगमधून जाते, म्हणून इंजिनबरोबर काटाही पडला. काकाला वाटलं टाकी सुकली. सगळ्यांनाच वाटलं. मलाही.

"रिझर्व्हवर चालवून चालवून असं झालं असेल?" मी विचारलं.

"असेल. जुना पन झालेला. माझ्या गाडीचा तर नवा होता तरी गेला." मग जरा ओशाळून म्हणाले, "मी पन पलीकडेच भरतो."

आत्या, त्या शेवटच्या रविवारी तू निघालीस तेव्हा फाटक उघडायला मी आले होते. काच खाली होती, आणि काट्याशेजारचा दिवा मला बाहेरून दिसला. मी एक शब्द बोलले नाही. नुसती बघत राहिले. तू म्हणालीस, "असं बघू नकोस. सोमवारी भरते." आणि गेलीस. पोचल्याचा तुझा फोन आईला नेहमीच्याच वेळेला आला. म्हणजे तू वाट वाकडी करून पलीकडे गेली नव्हतीस, आणि रात्री गाडी पुन्हा काढायची तुझी रीत नव्हती. आणि सोमवारची सकाळ तुला मिळालीच नाही.

तेव्हा ते पेट्रोल इकडचं होतं. इथे डहाणूत भरलंस की चारोटीला की तलासरीला, ते मला कधी कळणार नाही. कुणी ओळखीचं भेटलं का, हसलं का, तू काय उत्तर दिलंस, तेही नाही. पण एवढ्या वर्षांत ज्या पंपांकडे तू मान वळवून बघितलं नाहीस, त्यातल्या एका पंपावर त्या संध्याकाळी तू गाडी वळवलीस. मला फोटो पाठवला नाहीस. मला वाटतं तू पुढच्या शनिवारपर्यंत थांबणार होतीस. मी काट्याकडे बघेन आणि काही बोलणार नाही, याची मजा बघायला.

मी जिंकले, असं मला वाटलं नाही. आपण भांडत होतो तोपर्यंत तू दर आठवड्याला येत होतीस, असंच वाटलं.

नवा पंप मी बसवला. हितेशभाईंनी पिंजरा हातात घेतला होता, मी म्हटलं, द्या. तार आधी, आडवी करून, मग बाकीचं. नवी रबरी रिंग. नवा प्लग त्यांनी जोडला. मग काढलेलं पेट्रोल पुन्हा टाकीत. किल्ली अर्धी फिरवली आणि सीटखालून आवाज आला. बंद केली, पुन्हा फिरवली, म्हणजे पाइपात दाब भरेल. पाइपाशी गळती नाही, हे बघितलं. सेल्फ मारला तर एकदा खोकून गाडी सुरू झाली. आई पुढे येऊन बोनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली, मग चहा टाकायला आत गेली. संध्याकाळी बाबा मागच्या दाराने आले. मी काही बोलले नाही. मला वाटत होतं, आता बोलायची गरज उरली नाही.

रविवारी शेठ आले. विजूकाका त्यांना स्टेशनवरून रिक्षाने घेऊन आला. बाबा ओट्यावर उभे होते, गाडीकडे पाठ करून. काका प्रामाणिकपणे म्हणाला, "बंद आहे बघा, आधीच सांगतो. जे असेल ते बोला." शेठनी माझ्याकडे किल्ली मागितली. मी दिली. त्यांनी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली.

काका उडालाच. "अरे, ही चालू कधी झाली?"

"केतकीने केली," आई दारातून म्हणाली.

आणि मग काय झालं असेल? काकाचा चेहरा फुलला. "वा, बाय माझी. शेठ, आता गोष्ट वेगळी. चालू गाडी आहे, टीचरने वापरलेली, टाकीसुद्धा भरलेली. आता बंद गाडीचा भाव नाही चालायचा." शेठ पण खूश. ते बोनेट उघडून इंजिनाचं कौतुक करायला लागले, म्हणाले, बेनने काम चोख केलंय.

मी तिथे उभी होते आणि मला कळत होतं की मी गाडी वाचवली नव्हती, विकायला तयार केली होती. काका वाईट माणूस नाही. त्याला माझ्या मनातलं दिसत नव्हतं, कारण मी ते कुणाला दाखवलंच नव्हतं. शेठ बाबांकडे वळले. "बोला मास्तर, नक्की करू?" रेल्वेतल्या माणसाला ते मास्तर का म्हणत होते कोण जाणे. बाबांनी काकाकडे बघितलं. ते हो म्हणणार होते.

"बाबा, गाडी विकायची नाहीये," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "मला हवी आहे ती."

काका म्हणाला, "अगं, मग आधी बोलायचंस ना. मी यांना एवढ्या लांबून बोलावलं." त्याचं बरोबर होतं. बाबा ओट्याच्या कडेला आले. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मला ती रोज दिसेल गं."

तू असतीस तर या ठिकाणी काय म्हणाली असतीस ते मला सुचलं नाही. जे सुचलं ते बोलले. "मी सकाळी बँकेत घेऊन जाईन. संध्याकाळी आणीन. दिवसभर नाही दिसणार तुम्हाला."

बाबांनी आईला चहा टाकायची खूण केली. मग शेठना म्हणाले, "माफ करा, तुम्हाला उगाच त्रास झाला. चहा घेऊन जा." आणि मला म्हणाले, "पाऊस असेल तेव्हा सावकाश."

चहा झाला. शेठना परतीची ट्रेन गाठायची होती आणि रविवारी दुपारी मसोलीत रिक्षा मिळत नव्हती. काका म्हणाला, "आता तूच सोड त्यांना, तुझी गाडी आहे." टोमणा होता, पण त्याने माझ्यासाठी फाटक उघडलं. शेठ माझ्या शेजारी बसले. बाबा ओट्यावरून उतरले, मागचं दार उघडलं आणि आत बसले. सीटवर हात फिरवला, थोडे सरकले आणि बाहेर बघत राहिले. पूर्ण रस्ता बोलले नाहीत.

बोलले ते शेठ. "क्लच मस्त हाय. आवाज पन नाय." रेल्वे फाटकाजवळ थांबलो तर, "एसी चालतो काय?" मी म्हटलं, चालतो. स्टेशनसमोर उतरले, दार लावलं, आणि पुन्हा खिडकीत वाकले. "बेन, अजून विचार करा. मी थोडं वाढवून देईन. तुमच्यासारख्या मुलीला जुनी गाडी कशाला? नवी घ्या."

मी आरशात बाबांकडे बघितलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "ही आमच्याकडेच राहणार."

ते हसले, हात हलवून निघून गेले. आत्या, दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणताना आवाज पहिल्याच खेपेला नीट निघाला.